बसलेला वारा

६ जानेवारी

दुखलं. पहाटे पाच वाजून दहा. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे. मूठ आवळावी तसं. बारा मिनिटं. काल जेवणात भात, मिरचीची चटणी, सोयाबीनचं तळलेलं टेंपे. वर दोन लवंगी सिगारेटी. घाम नाही. डावा हात ठीक.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर हाप्सारी म्हणाल्या, दुखलं की लिहून ठेवा. वेळ, किती मिनिटं, काय खाल्लं, काय करत होतात. एवढंच. मी शिंपी माणूस, मापं लिहून ठेवायची सवय आहे. पण लिहायला बसलं की हात थांबत नाही. त्यांना दाखवायला वेगळा कागद करीन. ही वही माझी.

बायकोने, पार्मीने, उठवून बसवलं, सदरा काढायला लावला, पाठीला तेल चोळलं आणि नाण्याने खरवडायला घेतलं. जुनं जाड शंभराचं नाणं, लग्नापासून तेच. मणक्यापासून बरगड्यांकडे तिरक्या रेघा. "बघा, बघा! जांभळ्या उठल्यात. वारा शिरलाय नुसता!" माझी पाठ मला कशी दिसणार? पण बरं वाटलं. पाठीची आग इतकी होते की छातीचं विसरायला होतं.

७ जानेवारी

नाही दुखलं.

९ जानेवारी

दुखलं. दुपारी, मशीनवर. शाळेचे गणवेश, बावीस सदरे. नऊ मिनिटं. उठून उभा राहिलो तर कमी झालं.

बायकोला सांगितलं नाही. शेजारच्या बु रात्मीने भिंतीपलीकडून ऐकलंच बहुतेक. संध्याकाळी आल्याचा काढा घेऊन हजर. "पाक दार्सोनो, बसलेला वारा तर नाही ना?" एवढं बोलून तोंडावर हात ठेवला.

आमच्याकडे वारा दोन तऱ्हेचा. शिरलेला वारा खरवडला की निघतो. बसलेला वारा माणसाला घेऊन जातो. गिरणीवाला मांगून असाच गेला, गेल्या वर्षी. दुपारी छाती धरून बसला, बायकोने खरवडलं, रेघा काळ्या उठल्या. सगळे म्हणाले, चला, निघाला एकदाचा वारा. तो भात खाऊन आडवा झाला आणि चहाला उठलाच नाही. डॉक्टर हाप्सारी म्हणतात, बसलेला वारा वगैरे काही नसतं, ते हृदय असतं.

मला भीती वाटते. लिहून टाकलं.

१० जानेवारी

मरायची भीती आहेच, पण ती सगळ्यांनाच असते. माझी वेगळी आहे. हजसाठी आम्ही नाव घातलं त्याला तेरा वर्षं झाली. पार्मीच्या काढ्याच्या बाटल्यांचे आणि माझ्या सदऱ्यांचे पैसे एकत्र करून दोघांची नावं घातली, एकाच दिवशी, शेजारशेजारचे नंबर. यंदा पाळी आली. मे महिन्यात विमान. त्याआधी फेब्रुवारीत तब्येतीची तपासणी. हृदय खराब निघालं की नाव गळलं.

तेरा वर्षं रांगेत उभं राहायचं आणि दारात पाय अडकायचा! पार्मी एकटी जायची नाही. म्हणजे माझ्या छातीपायी तिचंही राहणार.

१६ जानेवारी

जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात. छातीला वायरी चिकटवल्या आणि पट्ट्यावर पळवलं. पट्टा पुढून वर उचलतात, चढ केल्यासारखा. नऊ मिनिटं पळालो. पायात गोळे आले, छातीत काही नाही. मग थंडगार चिकट काहीतरी लावून हृदयाचं चित्र काढलं. मीही बघितलं. पिशवी उघडझाप करते तसं दिसतं. नीट चाललंय म्हणाले.

पार्मी बाहेर बाकावर बसली होती. हृदय चांगलं आहे म्हटल्यावर म्हणाली, "चांगलं असणारच. वापरलंय कुठे तुम्ही ते?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो.

१७ जानेवारी

दुखलं! पहाटे. चौदा मिनिटं. कालच चांगलं आहे म्हणाले ना!

बु रात्मीचं मत : मशीन जुनं असणार.

२० जानेवारी

डॉक्टर हाप्सारींकडे. वयाने आमच्या एंदाहएवढी असेल. एंदाह म्हणजे आमची मुलगी, सेमारांगला कापडाच्या कारखान्यात असते. ती घाईघाईत बोलते, ही डॉक्टर सावकाश बोलते. एवढा फरक.

मी म्हटलं, हृदय चांगलं, मग दुखतं ते खोटं का?

म्हणाल्या, "खोटं कोण म्हणालं? दुखणं खरं आहे. पत्ता चुकीचा आहे." मग समजावून सांगितलं. अन्ननळी हृदयाच्या मागूनच उतरते. दोन खोल्यांना एकच घंटी असावी तसं — वाजली की मेंदूला कळत नाही कुठल्या खोलीतून वाजली. पोटातलं आंबट वर आलं की तीच घंटी. मग बरगडीच्या सांध्यावर बोटाने दाबलं. मी ओरडलो. "हृदय असं दाबून दुखत नसतं. हे मशीनवर वाकून वाकून झालंय." आणि तिसरं म्हणजे भीती. दुखलं की तुम्ही श्वास धरता, त्याने छाती आवळते, आवळली की आणखी घाबरता.

तीन-तीन गुन्हेगार निघाले, आणि मी ज्याच्यावर आळ घेत होतो ते बिचारं निर्दोष.

सांगितलेलं : जेवून तीन तास आडवं व्हायचं नाही. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. तिखट-तळलेलं कमी. सिगारेट बंद. अर्ध्या तासाने मशीनवरून उठायचं. रोज चालायचं. दुखलं की पोटावर हात ठेवून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. गोळी सकाळी उपाशीपोटी.

आणि शेवटी बोट रोखून — चढावर दुखलं, बसल्यावर थांबलं, घाम फुटला, जबड्यात नाहीतर हातात कळ गेली, दम लागला, तर यातलं काही करायचं नाही. नाणंही नाही. सरळ इथे यायचं. ते मात्र हृदय.

२१ जानेवारी

विटा लावल्या. पार्मी रात्रभर घसरत पायथ्याशी. "तुमच्या पोटातलं खाली राहावं म्हणून मी जमिनीवर झोपू का?"

२५ जानेवारी

दुखलं, पाच मिनिटं. चार आत, सहा बाहेर. जमलं. पहिल्यांदाच मी दुखण्याकडे नुसता बघत बसलो. गिऱ्हाईक दुकानात येऊन कापड चाळतं आणि न घेताच जातं, तसं गेलं.

२८ जानेवारी

सिगारेट सोडून आठ दिवस. बोटं नुसती चाळवतात. टाचण्या चघळतो आहे. शिंप्याला तेवढी सोय आहे.

१ फेब्रुवारी

रोज चालायचं म्हटलंय, तर एकट्याने कशाला हिंडायचं? सकाळी पार्मीबरोबर निघतो. ती जामू विकते. हळद-चिंच, आलं, तांदूळ-कचोऱ्याचे काढे. टोपलीत बाटल्या, टोपली शेल्याने पाठीला बांधलेली, हातात पेले धुवायची बादली. तीस वर्षं हाच रस्ता : कालव्यापासून वरच्या आळीपर्यंत, सगळा चढ. मी कधी बरोबर गेलोच नव्हतो. बायका तिला अडवून अडवून पितात. नवऱ्यांच्या चुगल्या पेल्याबरोबर फुकट. माझ्या सिगारेटीची बातमी आळीला माझ्याआधी कळली होती.

बाटल्या आठ होत्या पूर्वी. आता पाच. म्हणाली, खप कमी झालाय. पोरं बाटलीबंद गार पितात.

४ फेब्रुवारी

दुखलं नाही. तीन दिवस झाले.

पार्मी बोलकी. चढावर दर दहा घरांना कुणीतरी ओळखीचं भेटतं, टोपली उतरवते, बसते. मला चालायचं असतं आणि ही बसते. म्हटलं, अशाने माझं हृदय कधी बळकट व्हायचं? "तुमचं चांगलं आहे म्हणालेत ना? मग गप उभे राहा."

१० फेब्रुवारी

दुखलं, तीन मिनिटं. काल लग्नात रेड्याच्या कातडीचा तिखट रस्सा खाल्ला. चूक माझी. कागदावरही लिहिलं तसं.

१३ फेब्रुवारी

आज चढावर कुणी नव्हतं. तरी बसली, विहिरीच्या कट्ट्यावर. म्हणाली, चप्पल चावते.

१५ फेब्रुवारी

नवी चप्पल आणून दिली. छान आहे म्हणाली. विहिरीपाशी बसलीच.

२४ फेब्रुवारी

आज तपासणी. हे लिहायला उशीर करतो आहे. दोनदा वही मिटली.

माझं आधी झालं. रक्त, दाब, वजन, कागद. डॉक्टर हाप्सारींनी माझा दुखण्याचा कागद वाचला आणि हसल्या. सही. "पाक दार्सोनो, जा खुशाल. फक्त तिथे उंटाचं मटण तिखट करून खाऊ नका." मी बाहेर येऊन बसलो. इतका हलका झालो होतो की शेजारच्या अनोळखी माणसाला पेपरमिंट दिली.

मग आतून हाक आली. आत या म्हणून.

पार्मी पाठमोरी बसलेली. झंपर मागून वर केलेलं, डॉक्टरांच्या हातात नळी. मी बायकोची पाठ बघितली. पाठ कुठली, रेघांवर रेघा. जुन्या पिवळट पडलेल्या, त्यांवर हिरवट, त्यांवर आजच्या-कालच्या लालभडक. बोट ठेवायला मोकळी जागा नाही. एकाच घरात राहतो, एकाच बाजेवर झोपतो, आणि मला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "कोण करतं हे?"

"शेजारीण. बु रात्मी," पार्मी म्हणाली. "वारा लागतो हो. पहाटे फिरते ना मी."

"किती दिवसांनी?"

"कधीमधी."

"रोज," डॉक्टर म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

मग त्यांनी तेच प्रश्न विचारले. मला विचारलेले. मला पाठ आहेत. चढावर दुखतं? नाही बाई. बसल्यावर थांबतं? दुखतच नाही तर थांबेल काय! दम लागतो? छे. जबडा? दात किडलाय एक. पार्मी हसत हसत उत्तरं देत होती. गिऱ्हाइकांशी बोलते तसं. छातीला वायरी लावून काढलेला कागद साधारण ठीक होता. बसल्या जागी ठीकच येतो कधी कधी, म्हणाल्या. डॉक्टरांनी सहीसाठी पेन उघडलं नव्हतं, पण हातात घेतलं होतं.

मी म्हणालो, "ती विहिरीपाशी बसते."

पार्मीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "दर दहा घरांना बसते. बाटल्या आठाच्या पाच केल्यात. चप्पल नवी आहे."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं.

तीनचाकीने घरी आलो. दारात उतरल्यावर म्हणाली, "तोंड शिवता येत नाही का तुम्हाला? शिंपी ना तुम्ही?"

काखेत कळसा. दोन महिने मी माझी छाती चाचपत बसलो होतो.

२५ फेब्रुवारी

बु रात्मी रडत आली. डिसेंबरपासून रोज खरवडते आहे म्हणाली. पार्मीने शपथ घातली होती. "हज होईपर्यंत बोलायचं नाही, परत आल्यावर बघू, म्हणाली. रेघा लाल यायच्या, मला वाटलं निघतोय." मी तिला काय बोलू? मीही तेच केलं असतं. नाणं घरातलंच होतं.

१ मार्च

पहिला रोजा. पार्मीला धरू दिला नाही. त्यावरून भांडण. गपचूप धरलेलाच असणार म्हणून दुपारी पाणी घेऊन समोर उभा राहिलो. प्यायली, माझ्याकडे रोखून बघत.

मी धरला. सोडताना दोन खजूर, पाणी, मग थोडा भात. समोर बु रात्मीची गरम भजी होती. खाल्ली नाहीत. मला माझी छाती आता कळते.

५ मार्च

मोठं इस्पितळ. मनगटातून नळी घालून हृदयाच्या नळ्या बघितल्या. तीन. तिन्ही अरुंद, एक जवळजवळ बंद. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. मध्येच धागा तुटावा तशी काळी रेघ तुटलेली.

ऑपरेशन लागेल. विमान? यंदा नाही. पुढे कधी? "आधी हे होऊ द्या. पुढचं पुढे बघू." असं बोलतात तेव्हा काय समजायचं ते मला समजतं. गिऱ्हाइकाला 'बघू' मीही म्हणतो.

पार्मीने एकच विचारलं, "आणि यांचं?"

"यांना काहीच झालेलं नाही."

"बघा!" ती मला म्हणाली. जिंकल्यासारखी.

६ मार्च

मी बोललो नसतो तर ती मे महिन्यात गेली असती. कदाचित तिथे चालता चालता गेली असती. कदाचित नसतीही. डॉक्टर हाप्सारी म्हणाल्या, तुम्ही जीव वाचवलात. पार्मी म्हणते, तुम्ही माझा हज घालवलात. दोघी खऱ्या. मी कुणाशीच वाद घालत नाही.

९ मार्च

दुखलं. सहा मिनिटं. लिहायचं म्हणून लिहिलं.

१५ मार्च

भांडण. मोठं.

मी म्हणालो, मी नाही जाणार. नाव काढून घेतो. तुझं ऑपरेशन, आणि मी तिकडे?

"ऑपरेशन ईदनंतर. विमान मे अखेर. तोवर मी एक तर बरी असेन नाहीतर मातीत. दोन्हीकडे तुमचं काय काम?"

"असलं बोलू नकोस."

"तेरा वर्षं मी पाठीवर ओझं वाहिलं ते तुम्ही माझ्या उशाशी बसून सुपारी कातरावी म्हणून? दोन माणसांतलं एक तरी पोचू दे!"

"एकटा जाणार नाही."

"नंदीबैल नुसता! धरून नेल्याशिवाय हलायचं नाही."

"बरं, नंदीबैल. एकटा जाणार नाही."

मग ती गप्प झाली. तिचं गप्प होणं मला बोलण्यापेक्षा जड जातं. छातीत आवळलं, चांगलंच. परसात जाऊन उभा राहिलो. पोटावर हात, चार आत, सहा बाहेर. आठ मिनिटं लागली. हृदय नाही हे नक्की माहीत होतं, तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. माझं तिच्यावर फार प्रेम आहे. हे तिला कधी सांगितलेलं नाही, आणि आता सांगितलं तर तिला वाटेल डॉक्टर काहीतरी वेगळं बोललेत.

१६ मार्च

एंदाह आली, चार दिवसांची रजा काढून. आईचे पाय चेपत बसली आहे. दोघींचं काय चाललंय कोण जाणे, मी गेलो की बंद.

१८ मार्च

ऑपरेशनच्या तारखेसाठी दिवसभर मोठ्या इस्पितळात. रांग, खिडकी, दुसरी रांग, शिक्का. ११ एप्रिल मिळाली. चार वाजता घरी. पार्मी झोपलेली होती, चेहरा उतरलेला. एंदाह म्हणाली, आज जरा थकलीये.

दुखलं नाही.

२० मार्च

हजच्या कचेरीत गेलो, माझं नाव काढायचा अर्ज घेऊन. कारकुनाने नाव वाचलं आणि चष्मा वर केला. "पाक दार्सोनो? परवा मंगळवारी तुमच्या बायको येऊन गेल्या, मुलीला धरून. त्यांची जागा मुलीच्या नावावर केली. कायमची. म्हणाल्या, नवरा येईल नाव काढायला. आला की सांगा, पोरीला परमुलखात एकटीला पाठवायचं नाही."

अर्ज खिशात घालून घरी आलो.